लीथल वेपन ४ : हिरो म्हातारे झाले, पिक्चर टिकला का?

पूर्णाकाठ (परभणी)

चौथा भाग म्हटलं की लोक शिळ्या भाकरीचा कुस्करा समजून ताट बाजूला सारतात. 'लीथल वेपन ४' ह्या हॉलिवूडच्या पोलिसी ॲक्शन पिक्चरच्या वाट्याला तेच आलं. पहिल्याला मान, दुसऱ्यावर जीव, तिसरा चालवून घेतला, आणि चौथ्याची ओळख काय, तर 'तो जेट लीवाला ना!' परवा पुन्हा बघितला आणि म्हटलं ह्यावर धागा काढायचाच. माझ्या मते पहिल्या भागानंतर ह्या मालिकेत काही खरं असेल तर ते चौथ्यातच आहे. भंकसही भरपूर आहे, नाही म्हणत नाही.

वयाचा हिशोब बघा. पहिला भाग १९८७चा. सुरुवातीलाच रॉजर मर्टॉ, दोन पोलीस जोडीदारांतला थोरला, बाथटबमध्ये बसलाय आणि बायको-पोरं पन्नासाव्या वाढदिवसाचा केक घेऊन आत घुसतात. पडद्यावर पन्नाशी, पण मर्टॉ झालेल्या डॅनी ग्लोव्हरचा जन्म १९४६चा, म्हणजे गडी तेव्हा जेमतेम चाळिशीचा. 'हे आता आपल्या वयाला झेपायचं नाही' हे त्याचं पालुपद तेव्हापासूनचं. आपण हसत आलो, कारण बोलणारा माणूस धडधाकट दिसत होता. चौथा भाग १० जुलै १९९८ला आला तेव्हा ग्लोव्हर बावन्न पुरी करत होता. अकरा वर्षं जे सोंग केलं ते खरंच अंगावर आलं.

मेल गिब्सन पहिल्यात ३१चा, चौथ्यात ४२चा. पहिल्यातला त्याचा रिग्ज, मर्टॉचा जोडीदार, आठवा. बायको गेलेली, समुद्रकाठच्या ट्रेलरमध्ये कुत्र्याला घेऊन राहतो, पिस्तूल तोंडात घालून बसतो. मरायला तयार असलेला माणूस पोलिसात असला की काय होतं, ही त्या पिक्चरची अख्खी गंमत. चौथ्यात त्याची मैत्रीण लॉर्ना गरोदर आहे, आणि गड्याला पहिल्यांदा स्वतःच्या हाडांची काळजी वाटायला लागलीय. बॉक्सिंगच्या रिंगणात एक कोवळा पोरगा त्याला धुऊन काढतो, आणि मर्टॉचं पालुपद ह्या वेळी रिग्जच्या तोंडून येतं. तिथं मी पिक्चर थांबवून एकटाच हसलो. चारही भाग एकाच दिग्दर्शकानं, रिचर्ड डॉनरनंच केले, म्हणून हे जमलं. दुसऱ्या कुणाच्या हातात असतं तर दोघांचे केस काळे करून पळवलं असतं.

बाकी काम जेट लीनं केलं. हॉलिवूडमधला त्याचा पहिला पिक्चर, आणि तोही खलनायक म्हणून. रिग्ज पिस्तूल रोखतो. जेट ली हात पुढं करतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिस्तुलाची स्लाइड उतरवून मोकळा होतो. रिग्जच्या मुठीत उरतो नुसता सांगाडा. आरडाओरडा नाही, डायलॉग नाही. ह्या दोघांना म्हातारं म्हणायची हिंमत त्यानं तोंड न उघडता केली. शेवटच्या मारामारीतही दोघं मिळून त्या एकट्याला पुरे पडत नाहीत. मर्टॉला लोखंडी गज लागतो, रिग्जला पाण्याखाली हाताशी आलेली बंदूक लागते. अशी रडीची जीत ॲक्शन पिक्चरवाले सहसा हिरोला देत नाहीत. इथं दिली, म्हणून मला तो शेवट पटतो.

बोला. स्पॉयलर सांभाळत बसू नका, २५ वर्षं उलटून गेलीत.

हर्सूल_नाका (छत्रपती संभाजीनगर)

हौ पूर्णाभाई, दिल की बात बोलले! आमच्या मोहल्ल्यात केबलवाला रात्री जेवणं झाल्यावर इंग्लिश पिक्चर लावायचा. डबिंग नाही, सबटायटल नाही, काही नाही. स्टोरी कुणाला कळत होती? पण तो हायवेचा सीन लागला की आजूबाजूच्या सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा.

ट्रकवर अख्खं घर चाललंय. अर्धं घर, एक बाजू नुसत्या प्लास्टिकनं झाकलेली. रिग्ज आत मारामारी करतो, प्लास्टिकसकट बाहेर फेकला जातो आणि उलट्या टेबलावर बसून हायवेवर घसरत जातो, हातात त्या प्लास्टिकचं टोक. तिकडं मर्टॉ गाडी घेऊन रस्त्यावरून उडतो, एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात घुसतो, टेबलं-खुर्च्या तुडवत पलीकडच्या काचेतून बाहेर, परत हायवेवर. लॉजिक नक्को पूछो. पण खरी गाडी, खरी काच, खरा माणूस घसरतोय. आजकालच्या पिक्चरमध्ये शंभर गाड्या उडतात आणि आपण मोबाईल बघत बसतो. टिकला की नाही याचं माझं उत्तर तेवढंच.

बालाघाट (बीड)

धागा चांगला, पण पूर्णाकाठ तुम्ही लई उदार झालात.

पहिला सीन घ्या. चिलखत घातलेला एक माणूस आगीचे लोट फेकत रस्त्यावर फिरतोय. रिग्ज मर्टॉला सांगतो, कपडे काढ आणि कोंबडीसारखा ओरड, त्याचं लक्ष जाईल. मर्टॉ चड्डीवर कोंबडी होतो. बरं, तो आगवाला कोण, कामून आला, पुढच्या कथेशी त्याचा संबंध काय? काहीच नाही. तो सीन काढून टाकला तर पिक्चरला पत्ता लागणार नाही. असं का, तर शूटिंग सुरू झालं जानेवारी १९९८ला आणि थेटरात लागायचा होता जुलैत, आणि पटकथा पुरी झालेलीच नव्हती. शूटिंग चालू असताना पानं येत होती. ते जागोजागी दिसतं. चिनी टोळीचे चार म्हातारे, त्यांना सोडवायला एका जनरलला द्यायचे खोटे पैसे, त्यासाठी ठसे कोरणारा कारागीर, हे सगळं तुमच्यापैकी किती जणांना धड सांगता येईल? मला दुसऱ्यांदा बघितल्यावर लागलं.

आणि गोड किती! शेवटी दवाखान्यात दोन बाळंतपणं, तिथंच लग्न, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. पहिला पिक्चर लिहिणारा शेन ब्लॅक दुसऱ्याच भागात रिग्जला मारणार होता. स्टुडिओला ते नको होतं, मग तो बाहेर पडला. मी त्याच्या बाजूनं आहे. रिग्ज दुसऱ्यात गेला असता तर आज ही मालिका म्हणजे दोन पिक्चर, आणि दोन्ही पोलादी.

जमादाराची_लेक (नांदेड)

बालाघाट दादा, रिग्ज दुसऱ्यात मेला असता तर चौथ्यातली जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती झालीच नसती. तिच्यावर इथं अजून कुणी बोललंच नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

मी पोलीस लाईनीत वाढले. बाबा जमादार होऊन रिटायर झाले. पिक्चरमधल्या मारामाऱ्या बघून ते झोपायचे, हे आधीच सांगते. पण चौथ्या भागात एक धागा आहे, मर्टॉच्या पैशाचा. त्याच्या पगारात बसणार नाही असा पैसा त्याच्याकडं दिसायला लागतो. रिग्जच्या मनात शंका येते की आपला जोडीदार कुणाकडून खात तर नाही ना. आणि तो विचारत नाही. इतक्या वर्षांचा जोडीदार, एकमेकांसाठी गोळ्या खाल्लेल्या, आणि एवढी एक गोष्ट विचारायला जीभ उचलत नाही. शेवटी उलगडा होतो तो असा की मर्टॉची बायको ट्रिश दुसऱ्या नावानं प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते, एबनी क्लार्क नावानं, आणि त्या धडाधड खपतात. मर्टॉला ते सांगायची लाज वाटते, म्हणून तो गप्प.

लोकांना हा विनोद वाटतो. लाईनीत राहिलेल्याला विचारा. कुणाच्या दारात नवीन फ्रिज उतरला की सगळ्या खिडक्या उघडायच्या. 'माहेरून आला' म्हटलं तरी कुणाचा विश्वास नाही. आमच्या शेजारच्या काकू शिलाईकाम करायच्या, रात्री उशिरापर्यंत मशीन चालायचं. त्यांनी त्या पैशातून प्लॉटचा हप्ता भरायला सुरुवात केली तर काकांचे जोडीदार त्यांच्याकडं जेवायला यायचे बंद झाले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. तेच तर वाईट. माणूस खातो की नाही ते साहेबाला माहीत नसलं तरी चालतं, जोडीदाराला माहीत असावं लागतं, कारण उद्या चौकशी लागली तर दोघांचीच लागणार.

म्हणून तो धागा मला बाकीच्या सगळ्या स्फोटांपेक्षा जास्त पोलिसी वाटतो. डॉनरनं तो विनोदात गुंडाळला हे त्याचं दुर्दैव म्हणा, की शहाणपण म्हणा.

दुसरं, त्या दोघांना कॅप्टन करतात ते. शहराला ह्यांच्या नुकसानीचा विमा परवडत नाही, काढून टाकता येत नाही, मग बढती देऊन रस्त्यावरून उचलायचं. आमच्याकडं ह्याला साइडला टाकणं म्हणतात. बाबांचे एक साहेब होते, लई तापट आणि लई कामाचे. त्यांना असंच मानानं उचलून कागदांच्या ढिगात बसवलं होतं. बाबा पिक्चरमध्ये झोपायचे म्हटलं ना, पण ह्या सीनला उठून बसले होते.

पूर्णाकाठ (परभणी)

ताई, ह्याच्यासाठीच धागा काढला होता असं समजा. ट्रिशचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. ती चारही भागांत आहे आणि तिच्याबद्दल आपण कधी एक ओळही लिहीत नाही.

सेलूची_सून

बायकांचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका.

लॉर्ना तिसऱ्या भागात आली तेव्हा काय होती? खात्यातल्याच लोकांची चौकशी करणारी अधिकारी, रिग्जला लाथ घालून दाखवणारी. दोघं एकमेकांच्या जखमांचे व्रण मोजतात तो सीन अख्ख्या मालिकेत एक नंबर. चौथ्यात तिच्याकडं काम काय? गरोदर असणं, आणि लग्न कधी करतोस म्हणून वाट बघणं. घरात गुंड घुसतात तेव्हा पोट सांभाळत दोन लाथा मारायला मिळतात, तेवढंच. रेने रूसोसारखी नटी घेऊन हे?

आणि चिन्यांवरचे विनोद. रिग्ज त्या चिनी टोळीवाल्या बेनी काकाच्या तोंडावर त्याच्या बोलण्याची नक्कल करतो, 'र'चा 'ल' करून, पुन्हा पुन्हा. १९९८ला थेटर हसलं असेल, मला आता बघवलं नाही. गंमत अशी की त्याच पिक्चरमध्ये जेट ली सगळ्यात रुबाबदार माणूस आहे. एका हातानं इज्जत द्यायची, दुसऱ्या हातानं टपली मारायची. तसंच बटर्सचं. ते काम करणारा ख्रिस रॉक पिक्चरमध्ये मर्टॉचा लपून झालेला जावई आहे, म्हणून तो सासऱ्याशी गोड वागतो. मर्टॉला वाटतं ह्याचा आपल्यावरच डोळा आहे. एकदा ठीक. पिक्चरभर तेच?

टिकला का विचारता, तर माझं उत्तर आहे अर्धा. अंगाने टिकला, तोंडाने नाही.

हर्सूल_नाका (छत्रपती संभाजीनगर)

ताई, बेनीवाला जोक मलाही खटकतो. पण त्या डेंटिस्टच्या खुर्चीतला सीन? बेनीकडून माहिती काढायला गॅस सोडतात आणि सगळेच हसत सुटतात, लपवलेल्या गोष्टी आपोआप बाहेर येतात. तो तरी द्या ना आम्हाला!

सेलूची_सून

तो दिला. मर्टॉच्या लेकीचं, रियानचं गुपित तिथंच फुटतं, आणि ग्लोव्हरचा चेहरा हसता हसता उतरतो तो बघण्यासारखाच आहे.

मांजरापट्टा (लातूर)

मी जरा नवीन पिढीतला, राग मानू नका. तुम्ही सगळे १९९८मध्येच अडकून काय बोलू लालाव? उशिरा आलेला भाग कसा करावा हे बघायचं तर 'बॅड बॉईज' बघा, तीही दोन पोलिसांचीच मालिका. दुसरा भाग २००३, तिसरा २०२०. सतरा वर्षांचा खड्डा! आणि आल्या आल्या विल स्मिथला गोळ्या घालून खाली पाडतात. मार्टिन लॉरेन्स आजोबा झालाय, त्याला घरी बसायचंय. त्यांच्या कॅप्टनला मारून टाकतात. वय वय म्हणू लालाव ना, हे घ्या वय. चौथ्यात, २०२४च्या, लॉरेन्सला मित्राच्या लग्नातच हार्ट अटॅक येतो आणि स्मिथला ऐन गोळीबारात धाप लागून हातपाय थिजतात.

आणि रेजी! दुसऱ्या भागात हा पोरगा लॉरेन्सच्या मुलीला फिरायला न्यायला दारात येतो आणि हे दोघं त्याला घाबरवून अर्धमेला करतात. २०२४ला तोच रेजी, तोच नट, आता जावई आणि फौजेतला माणूस. घरावर हल्ला होतो तेव्हा एकटा सगळ्यांना लोळवतो आणि एक शब्द बोलत नाही. २१ वर्षांपूर्वीच्या जोकचं व्याज वसूल. आमच्या थेटरात शिट्ट्या थांबेनात.

पूर्णाकाठ (परभणी)

मांजरापट्टा, रेजीला शंभर पैकी शंभर. पण फरक बघ. 'बॅड बॉईज'चे नवे भाग आदिल आणि बिलाल ह्या दुसऱ्याच जोडीनं केले, मायकल बे फक्त पाहुणा म्हणून तोंड दाखवून जातो. पहिले दोन बघत मोठे झालेल्या पोरांनी केलेले पिक्चर आहेत ते, म्हणून प्रत्येक आठवण चोख वापरलीय. वय तिथं कथेचा एक टप्पा आहे. स्मिथ गोळ्या खातो, सहा महिन्यांत पुन्हा पळतो. 'लीथल वेपन ४'मध्ये वय कथेत नीट बसवलेलंच नाही, ते नुसतं दिसत राहतं. दम लागतो, ठोसा उशिरा पोचतो. पटकथा अर्धवट होती म्हणून बालाघाट रागावले, पण मला वाटतं त्यामुळंच नटांचं खरं वय मधल्या फटींतून आत आलं.

बालाघाट (बीड)

ही पळवाट झाली राव. घर गळतंय म्हणून चांदणं दिसतं असं म्हणाल आता.

पण एक देतो तुम्हाला. होंग कुटुंबाचा भाग. चोरून आणलेल्या माणसांच्या जहाजावर मर्टॉला एक कुटुंब सापडतं आणि तो नियम मोडून त्यांना स्वतःच्या घरी लपवतो. त्याचं म्हणणं सरळ आहे, ही गुलामांची जहाजं आहेत, माझ्या पूर्वजांना कुणी सोडवलं नाही, मी ह्यांना सोडवतो. प्रवासाचे पैसे डोक्यावर, आणि ते फिटेपर्यंत राबायचं. आमच्या तालुक्यातली निम्मी गावं दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्याला जातात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. एका हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामावर चढते. त्यामुळं त्या जहाजाच्या तळातली माणसं दिसली तेव्हा मी बाकी सगळी बडबड विसरलो. तिथं ग्लोव्हर खरोखर मोठा नट आहे हे कळतं. दुर्दैव एवढंच की होंगला आणि त्याच्या काकाला पिक्चर मारून टाकतो आणि दहा मिनिटांत पुन्हा विनोद सुरू. ते कुटुंब त्या पिक्चरचा मुख्य विषय असायला हवं होतं.

जमादाराची_लेक (नांदेड)

हे अगदी पटलं. आणि ते आगीतून वाचतात ते कुणामुळं? घर पेटवून हातपाय बांधून टाकलेल्या सगळ्यांना होंगचा लहान पोरगा सोडवतो. एवढे चार पिक्चरचे हिरो, आणि सोडवणारा पिंग. ते कुणी लक्षातच ठेवत नाही.

मांजरापट्टा (लातूर)

बरं, लिओ गेट्झवर कुणीच कसं बोललं नाही? मला तो सहन होत नाही. जो पेशी एवढा मोठा नट, आणि पिक्चरभर कावळ्यासारखी कावकाव.

पूर्णाकाठ (परभणी)

तीन चतुर्थांश सहमत. मोबाईल कंपन्या मुद्दाम फोन तोडतात म्हणून तो आणि बटर्स गाडीत करवादतात ते सोडलं तर. ते आजही लागू आहे, आमच्याकडं तर घराच्या गच्चीवर चढल्याशिवाय रेंज नाही.

पण स्मशानातला सीन पुन्हा बघ. रिग्ज पहिल्या बायकोच्या थडग्यापाशी उभा आहे, लॉर्नाशी लग्न करावं का हे त्याला ठरवता येत नाही. तिथं लिओ येतो आणि लहानपणी पाळलेल्या बेडकाची गोष्ट सांगतो, त्याच्याच सायकलखाली आलेल्या. आधी वाटतं आता हा इथंही पाचकळपणा करणार. आणि मग कळतं की ह्या माणसाला आयुष्यात मित्रच नव्हते, म्हणून तो ह्या दोघांना चिकटलाय. पेशीनं तो एकही हात न हलवता केलाय, आणि त्याच्यासारख्या नटासाठी हीच मोठी गोष्ट. दुसऱ्या भागापासूनची सगळी कावकाव मी त्या दोन मिनिटांसाठी माफ केली.

बालाघाट (बीड)

मी केली नाही. बाकी बोलत राहा.

हर्सूल_नाका (छत्रपती संभाजीनगर)

पाचवा येणार येणार म्हणून कधीपासून ऐकतोय. त्याचं काय झालं मियां?

पूर्णाकाठ (परभणी)

डॉनर स्वतः करणार होता, पण ५ जुलै २०२१ला तो गेला, ९१ वर्षांचा होऊन. नंतर गिब्सन म्हणाला मी दिग्दर्शन करतो. मला विचाराल तर नको. ग्लोव्हर आता ऐंशीच्या घरात. चौथ्यात वय दिसलं ते छान दिसलं, त्याच्या पुढं जाऊन आणखी काय दाखवणार?

मांजरापट्टा (लातूर)

मंजे तुमच्याच मुद्द्यावरून तुम्ही पळू लालाव काका. वयामुळं चौथा चांगला, तर जास्त वयामुळं पाचवा जास्त चांगला!

जमादाराची_लेक (नांदेड)

आमच्याकडं ५८ला घरी पाठवतात, तरी बाबा अजून यात्रेचा बंदोबस्त कसा लावलाय ते टीव्हीवर बघून शिव्या देतात. मर्टॉला खुर्चीत बसवून नुसत्या शिव्या द्यायला लावल्या तरी मी तिकीट काढीन.

हर्सूल_नाका (छत्रपती संभाजीनगर)

हौ, मीपण. पहिल्या शोला.

सेलूची_सून

मी एकाच अटीवर. ट्रिशनं मधल्या काळात किती पुस्तकं लिहिली ते आधी सांगा, आणि ह्या वेळी कव्हरवर तिचं खरं नाव छापा.